दारूचा थेंब नाही, मग लिव्हरला काय होणार?

देवळीत शुगरच्या पेशंटला लिव्हरची तपासणी करा म्हटलं की हाच प्रश्न उलटून येतो. वर्धा जिल्ह्यात 1970च्या दशकापासून दारूबंदी. त्यात माळकरी माणूस असेल तर त्याला हा युक्तिवाद बिनतोडच वाटतो. पण तो साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी तपासणीच राहून जाते, म्हणून घातकही आहे.

फॅटी लिव्हरला दारू लागतच नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की साठलेली चरबी सुटून रक्तावाटे यकृतात येते. वर यकृत जादा साखरेचीही चरबी करत राहतं. टाइप 2 मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतात चरबी असते, असं जगभरच्या अभ्यासांचा 2019चा एकत्रित आढावा सांगतो. केंद्र सरकारने 2021मध्ये हा आजार मधुमेह-कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तो काय फक्त पिणाऱ्यांसाठी?

‘एसजीपीटी (रक्तात मोजलं जाणारं यकृताचं एन्झाइम) नॉर्मल आहे’ हे दुसरं पालुपद. चरबीवर सूज येऊन यकृत आतून घट्ट होत गेलं, तरी हा आकडा नॉर्मल राहू शकतो. म्हणून यकृत किती घट्ट झालं असेल याचा अंदाज देणारा फिब-4 काढतात : वय गुणिले एसजीओटी (असंच दुसरं एन्झाइम), भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. वय 60, एसजीओटी 36, एसजीपीटी 25, प्लेटलेट 1 लाख 80 हजार, म्हणजे रिपोर्टवर एकही लाल खूण नाही. गणित करा : 2.4! 1.3च्या वर (पासष्टीनंतर 2च्या वर) गेलं की यकृताचा घट्टपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी हवी. रोग पक्का झाला असं नव्हे. पण सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात जाऊन दाखवायलाच हवं. एन्झाइम्स नॉर्मल असली तरी टाइप 2 मधुमेहात हा आकडा काढावा, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन 2023पासून सांगते आहे.

अंगाने बारीक माणसालाही फॅटी लिव्हर होतं. पोटाचा घेर बघा.

सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ या शेऱ्यावरून यकृत किती घट्ट झालं ते कळत नाही.

‘यावर उपायच नाही’ हेही खोटं : 80 किलोच्या माणसाने 4 किलो घटवले तरी चरबी उतरते, 6 ते 8 किलोंनी सूजही.

आणि लिव्हर साफ करणारे काढे? 2020मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉ. आभा नगरल आणि सहकाऱ्यांनी 2021मध्ये प्रसिद्ध केली आहे. काढा चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.