मधुमेह, प्रथिने आणि मूत्रपिंड

शेतकरी बंधूंस ‘युरिया’ हे नाव खताच्या पोत्यावरून ठाऊक आहे. हाच पदार्थ आपणा प्रत्येकाच्या शरीरात रोज तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते. शेतातील नत्राचा हिशेब चुकला म्हणजे पीक बिघडते. शरीरातील नत्राचा हिशेब कसा चालतो व मधुमेही माणसात तो का बिघडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विचारास कारण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर आढळली, आणि खेड्यांतील प्रौढांतही हे प्रमाण शेकडा सुमारे ९ निघाले. मूत्रपिंडे निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह हे एक प्रमुख कारण आहे. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतील मंडळी पिढ्यानुपिढ्या लालबाग, परळ, गिरगाव येथे कामधंद्यास गेली. १९८२ च्या संपानंतर कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तथापि दुखण्यासाठी परळची वाट मोडली नाही. दादरला उतरावयाचे, लालबागेत नातलगाकडे पथारी टाकावयाची व आजाऱ्यास के.ई.एम. रुग्णालयात न्यावयाचे, हा परिपाठ अनेक घरांच्या परिचयाचा आहे. हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. मूत्रपिंडरोपणाचा भारतातील पहिला प्रयत्नही १९६५ साली तेथेच झाला. परंतु तेथवर जाण्याची पाळी पुष्कळदा दुखणे हाताबाहेर गेल्यावर येते. ती पाळीच टळावी, हा आमचा हेतू आहे.

डाळ, दूध, अंडी, मासळी यांतील प्रथिने पचली म्हणजे त्यांची अमिनो आम्ले होतात. प्रथिने घडविणारी ही आम्ले वीस प्रकारची असून त्यांपैकी नऊ अन्नातूनच मिळवावी लागतात. प्रत्येकात नत्र असतेच. शरीर त्यांपासून मांस, रक्त वगैरे घडविते; पण धान्य कणगीत भरावे तशी जादा आम्ले साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. यास्तव यकृत त्यांतील नत्र वेगळे काढून त्याचा युरिया करते, व राहिलेला भाग जाळला जातो किंवा त्याची साखर होते.

हा युरिया बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोहोंतून मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील साखर, अमिनो आम्ले व बहुतेक पाणी पुन्हा रक्तात घेतले जाते, आणि दीड-दोन लिटर लघवी तेवढी उरते. शिवाय आर्जिनिन, टायरोसिन यांसारखी काही आम्ले मूत्रपिंड स्वतः तयार करून रक्तास पुरविते. म्हणजे ते केवळ गाळणी नव्हे, कारखानाही आहे.

आता मधुमेहाकडे वळू. इन्शुलिनचे काम साखरेपुरते आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अमिनो आम्ले स्नायूंत जिरविणे व स्नायूंची झीज थांबविणे हेही त्याचेच काम होय. इन्शुलिन फार कमी पडले की स्नायू झिजतात, त्यांतील आम्लांची यकृतात साखर बनते, आणि रोगी खाऊनपिऊनही रोडावतो. २०११ साली अमेरिकेतील एका संशोधनात असे दिसून आले की, ल्यूसिन, व्हॅलिन इत्यादी पाच अमिनो आम्लांचे रक्तातील वाढलेले प्रमाण मधुमेह जडण्याच्या बारा वर्षांपर्यंत आधी त्याचा धोका सुचविते. मधुमेह हा साखरेइतकाच प्रथिनांच्या व्यवहाराचाही रोग आहे, हे यावरून ध्यानात यावे.

रक्तातील साखर वाढली म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्यांवर दाब वाढतो. प्रथिनयुक्त भरपूर जेवणानंतरही काही काळ तसेच होते. पाटास नित्य जादा पाणी सोडले तर त्याचे काठ ढासळतात, तद्वत् या गाळण्या हळूहळू खराब होतात, व अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. ही पहिली गळती डोळ्यांस दिसत नाही व दुखतही नाही. पायांस सूज येईतो वर्षे निघून जातात. पुढे युरिया तुंबतो, रक्तातील आम्लता वाढते, आणि तिच्यामुळे स्नायू अधिकच झिजतात.

मग खावे काय? मधुमेहासह मूत्रपिंडाचा विकार असून डायलिसिस सुरू नसेल, तर शरीराच्या दर किलो वजनास सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने रोज घ्यावीत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. साठ किलोच्या माणसास हे ४८ ग्रॅम होतात. पाव किलो ज्वारी, पन्नास ग्रॅम तूरडाळ व पाव लिटर दूध यांतून सुमारे ४४ ग्रॅम मिळतात. सबब ताकदीसाठी बाजारातील प्रथिनांची भुकटी घेणे अशा रोग्यास अहितकारक होय. आणि घाबरून डाळ-दूध साफ वर्ज्य करणे हेही तितकेच घातक, कारण तेणेकरून स्नायू झिजतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र आम्ले त्या क्रियेत वाहून जातात, म्हणून प्रमाण किलोमागे १ ते १.२ ग्रॅम ठेवावे लागते.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. इन्शुलिनचा बराच भाग मूत्रपिंडात नष्ट होतो. मूत्रपिंड थकले की ते रक्तात अधिक वेळ टिकते, व साखर आपोआप उतरू लागते. रोगी समजतो की मधुमेह बरा होत चालला. तो भ्रम होय. अशा वेळी मात्रा न बदलल्यास साखर एकदम घसरून बेशुद्धी येते. यास्तव साखर विनाकारण उतरू लागल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.

प्रत्येक मधुमेह्याने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमहून अधिक निघाल्यास पुन्हा तपासणी करून खात्री करावी. या अवस्थेत साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास आणि योग्य औषधे घेतल्यास ऱ्हासाची गती पुष्कळ मंदावते. अंगदुखीवरील गोळ्या वारंवार घेऊ नयेत. अज्ञात भस्मांच्या वाटेस जाऊ नये.

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास. शेती सांभाळणाऱ्यास हे किती जड जाते, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. आपण मातीचा नमुना तपासून खताची मात्रा ठरवितो; तीच दक्षता शरीराच्या बाबतीत घ्यावी, इतकीच आमची विनंती आहे.