लाकूड आणि नळी यांच्यामधली फट

निमाडातल्या आमच्या गावच्या शनवाऱ्यात आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी रायफल पहिल्यांदा हातात घेतली ती एनसीसीत. पॉइंट टू-टू, पोटावर झोपून पाच गोळ्या. आमचे हवालदारसाहेब टार्गेटवर गोळ्या कुठे लागल्या हे नंतर बघत. आधी बघत त्या एकमेकींजवळ लागल्या का. पाचही डाव्या कोपऱ्यात, पण रुपयाखाली झाकतील अशा, तर शाबासकी. साईट सरकवता येते. पाच दिशांना पाच आणि त्यातली एक मधोमध, तर शिव्या. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं मर्म एवढंच, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

२ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाची गोळी व्हिक्टोरिया राणीची. ४०० यार्डांवर ती मध्याजवळ लागली, पण राणीने नेम धरलाच नव्हता. रायफल घोडीवर घट्ट बसवून, नेम लावून ठेवलेली. राणीने फक्त दोरी ओढली. गंमत वाटते, पण रायफल जागची हलली नाही तर काय होतं, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

१८९० मध्ये ही स्पर्धा बिस्लेला गेली, आणि पुढे कित्येक दशकं तिथे राज्य केलं ते सैन्याच्या .३०३ ली-एनफिल्डने. कारखान्यातून आलेली रायफल सरासरी शिपायासाठी असते. चिखलात पडावी, पावसात भिजावी, तरी उडावी. स्पर्धेसाठी ती लावून घ्यायची म्हणजे मुख्यतः लाकूड आणि नळी यांचं भांडण मिटवायचं. बार उडाला की नळी थरथरते. थरथरू दे, पण दर वेळी सारखीच. लाकूड दमट हवेत फुगतं, नळीला कधी इथे टेकतं, कधी तिथे, आणि हजार यार्डांवर गोळी हातभर बाजूला जाते. म्हणून कारागीर लाकूड तासत, बुचाच्या चकत्या भरत, कुठे किती दाब हवा ते ठरवत. पुढे जाड नळीच्या रायफली आल्या तेव्हा उलट रीत पडली: नळी मोकळीच सोडायची. मधल्या फटीत नोट घालून मागेपर्यंत ओढायची. अडली तिथे घासायचं. यंत्रणेच्या खाली एपॉक्सी ओतून तिचा नेमका साचा घ्यायचा, आधी लोखंडाला मेण चोळून. नाहीतर रायफल जन्माची चिकटली.

ली-एनफिल्डचा एक दोष मात्र कुणी दुरुस्त केला नाही, आणि बरंच झालं. तिची बोल्ट मागच्या टोकाला अडकते, त्यामुळे बार उडताना सांगाडा किंचित लवतो आणि नळीचं तोंड वर उचललं जातं. मंद गोळी नळीतून उशिरा बाहेर पडते, तोवर तोंड आणखी वर गेलेलं असतं, म्हणून ती जरा उंच सुटते. लांबवर मंद गोळी खाली जास्त पडते. दोन चुका एकमेकींना खातात. ९००-१००० यार्डांवर ही जुनी रायफल नव्या, ताठ रायफलींना घाम फोडायची ती यामुळे.

आपल्याकडे हा खेळ सामान्य माणसापर्यंत आलाच नाही. .३०३ आणि ७.६२ या बोअर नागरिकांना निषिद्ध. परवान्यावर मिळे ती ईशापूरची .३१५. भुसावळजवळ वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना, वर महूला लष्कराचं नेमबाजी केंद्र, आणि मधल्या आमच्या गावाला लांब पल्ला फक्त ऐकून माहीत. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. त्यानंतर नागरिकांचा खेळ वाढला तो दहा आणि पन्नास मीटरांवर. अंजली भागवत एनसीसीतूनच पुढे आल्या. २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेत्या झाल्या.

पन्नास मीटरचं टार्गेट लहान वाटलं तर आकडा बघा: दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. इथे रायफल कारखान्यातूनच ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात येते. गालाची पट्टी, खांद्याची प्लेट, सगळं स्क्रूवर. तासायचं काही उरलं नाही. आता निवडायच्या त्या गोळ्या. नळी पकडीत आवळून एकेका लॉटच्या दहा-दहा झाडतात, आणि ज्या लॉटच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ लागतात तो पेट्या भरून घेतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटांत एका रायफलीला एक आवडतो, दुसरीला दुसरा. राणीची घोडी पुन्हा आलीच म्हणायची!

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या तिघांनी पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये १७६९ गुणांचा सांघिक विश्वविक्रम केला. त्यातले स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे. पुढच्या वर्षी पॅरिसला त्यांनी ऑलिम्पिक कांस्य आणलं. दुसरे अखिल शेरॉन. आणि तिसरे ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर आमच्या निमाडातले, शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचे.