पुस्तक काढायचं शिक्षण

आपल्यात कोणी पुस्तक काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "छापायला किती पडतील?" मग प्रेसवाल्याकडे जायचं, भाव ठरवायचा, नातेवाइकांकडून वर्गणी जमवायची आणि समारंभाच्या दिवशी गठ्ठे सोडायचे. माझे थोरले दीर २०११ साली वारले, तेव्हा त्यांच्या मित्रांनी त्यांच्या लेखांची अशीच एक पुस्तिका मुंबईत छापून घेतली. पाचशे प्रती काढल्या. समारंभात शंभर-सव्वाशे वाटल्या गेल्या, बाकीच्या अजून जाऊबाईंच्या पलंगाखाली आहेत. आणि कित्येक प्रतींत पान ३२ नंतर एकदम पान ४९ येतं! प्रेसचं नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही.

हा विषय आज काढायचं कारण म्हणजे माझ्या बहिणीची नात. ही मुलगी पदवीनंतर 'पुस्तक प्रकाशन' ह्या विषयात पदविका झाली. मला प्रथम हे ऐकून हसूच आलं. नर्सिंगचं शिक्षण असतं, शिक्षकाचं असतं, पण पुस्तक काढायचं कसलं आलंय शिक्षण? २०२३ च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे दुबईला पंधरा दिवस राहिले आणि मग हसू थांबलं.

ती राहते त्या भागाचं नाव दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क. पार्क म्हटल्यावर मला वाटलं बागबगीचा असेल. बाग आहे, पण थोडी. बाकी सुमारे २,३०० हेक्टरमध्ये कारखाने, गोदामं, ट्रकच्या रांगा, कामगारांच्या राहण्याच्या इमारती आणि एका बाजूला झाडांची, कारंज्यांची चांगली वस्ती. २०२१ पासून तिथे मेट्रोचं स्टेशनही झालं आहे. नातजावई तिथल्याच एका खोके-पुठ्ठ्याच्या कारखान्यात आहेत. हिला तिथे नोकरी मिळेना, घरात करमेना. ठाण्याला असतानाच तिने इग्नूकडे, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाकडे नाव नोंदवलं होतं. पुस्तकं घरी आली, स्वाध्याय लिहून पाठवले आणि परीक्षेला ती भारतात जाऊन आली. हा अभ्यासक्रम इग्नूने भारतीय प्रकाशकांच्या महासंघाच्या साहाय्याने तयार केला आहे. प्रकाशनाचे कायदे, संपादन, निर्मिती, विक्री, मुलांची पुस्तकं, असे त्यात विषय.

हे शिक्षण जगात काही कालपरवाचं नाही. अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजात १९४७ पासून उन्हाळ्यात प्रकाशनाचा वर्ग भरे, तो २००१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेला. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात १९८२ पासून प्रकाशनाचं केंद्र आहे. ऑक्सफर्ड ब्रुक्समध्ये तर ह्या विषयात एम. ए. करता येतं.

आपल्या मराठीत मात्र माणसं कामातूनच शिकली. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हलक्या कामावर लागले, १८६४ साली त्यांनी स्वतःची खिळ्यांची फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. पॉप्युलरची सुरुवात १९२४ साली पुस्तकांचं दुकान म्हणून झाली. मौजेचे श्री. पु. भागवत लेखकाबरोबर बसून एकेका वाक्यावर खल करीत, ते कुठल्या वर्गात शिकून आले नव्हते. आम्हीही वॉर्डातच शिकलो म्हणा, पण आमच्यामागे सिस्टर ट्यूटर असे, पुस्तक असे, परीक्षा असे. भागवतांसारखा गुरू मिळाला तर कामातून शिकणं उत्तम. सगळ्यांना कुठून मिळणार?

मी जाताना दिरांच्या वह्यांच्या झेरॉक्स नेल्या होत्या. त्यांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी लिहिल्या होत्या, गावचं बालपण, रेल्वे वर्कशॉपमधली नोकरी आणि इकडे आल्यावरची पहिली वर्षं. मी नातीला म्हटलं, "बाळ, तू एवढं शिकलीस, तर हे छापून दे." ती म्हणाली, "आजी, छापणं सगळ्यात शेवटी. आधी मला वाचू दे." आणि चार दिवस वाचत बसली.

पुस्तिकेची ती ३२ आणि ४९ ची भानगड तिने एका मिनिटात सांगितली. सोळा पानं एका तावावर छापतात, त्याला फर्मा म्हणतात. मधली सोळा पानं नाहीत, म्हणजे बांधणीत अख्खा फर्मा घ्यायचा राहिला. बांधणीआधी कोणी फर्मे मोजून बघितले असते तर कळलं असतं. आम्ही ऑपरेशननंतर कापसाचे बोळे मोजायचो, तसंच हे. नातजावयांच्या कारखान्यातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर तिने मला कागदाचा 'कल'ही दाखवला. कागदाचे तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर हवेत. आडवे गेले तर पुस्तक नीट उघडत नाही, हात काढला की आपोआप मिटतं.

हिशेब मला सर्वांत आवडला. समजा पुस्तकाची किंमत ४०० रुपये. त्यातले ४० टक्के विक्रेता घेतो, म्हणजे १६० गेले. लेखकाचं मानधन दहा टक्के, ४० गेले. उरले २००. छपाई-बांधणीला १०० लागले तर राहिले १००, त्यात संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, गोदाम आणि न खपलेल्या प्रती. म्हणून, ती म्हणाली, आपल्यासाठी पाचशे प्रती छापायच्याच नाहीत. आता मागणी येईल तशा वीस-पंचवीस प्रतीही छापून मिळतात. एक प्रत महाग पडते, पण पलंगाखाली काही राहत नाही. आपल्याकडे मराठी वाचणारी माणसं किती उरली आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मग आयएसबीएन क्रमांक. २००७ पासून तो तेरा आकडी असतो. भारतातल्या प्रकाशकाचं पुस्तक असेल तर ९७८ पुढे ८१ किंवा ९३ येतं, इस्रायलला ९६५, अमिरातीला ९९४८. दिरांच्या पुस्तिकेला क्रमांकच नाही, त्यामुळे ती दुकानाच्या किंवा ग्रंथालयाच्या यादीत शोधून सापडणं कठीण. आमच्या भाषेत, बाळ जन्मलं पण नोंद केली नाही.

भाषेचा प्रश्न मात्र तिला तिच्या अभ्यासात सापडला नाही, कारण सगळा अभ्यास इंग्रजीतून. दीर जुन्या शाळेतले, ते "नाहीं", "कांहीं", "गांवांत" असे अनुस्वार देत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, १९७२ साली आणखी चार, आणि ते अनुस्वार गेले. मग आता ठेवायचे की काढायचे? तिने ठरवलं की अनुस्वार नव्या नियमाने काढायचे, पण आईच्या तोंडचं "हाय" आणि "न्हाय" आहे तसंच ठेवायचं. मला ते पटलं.

एका बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. एका प्रकरणात दिरांनी चाळीतल्या एका बाईची हकीकत नावानिशी लिहिली आहे. लिहिलंय अतिशय सुंदर. पण तिची नातवंडं आपल्यातच आहेत. नात म्हणाली, "नाव बदलायचं, नाहीतर त्यांना आधी वाचायला द्यायचं. तसं केल्याशिवाय मी हे पुस्तक काढणार नाही." मी म्हटलं, "अगं, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, आता कोणाला काय वाटणार?" ती म्हणाली, "आजी, तू कधी पेशंटची केस बाहेर सांगितलीस का?" ह्यावर मी काय बोलणार. तरी नाव बदललं की त्या बाईची ओळखच जाते, हे माझं मत अजून कायम आहे.

शिवाय संमती. लेखक गेल्यावर हक्क वारसांकडे जातो, भारतात साठ वर्षं, इस्रायलमध्ये सत्तर, अमिरातीत पन्नास. म्हणजे जाऊबाई आणि दोन्ही मुलगे, तिघांच्या सह्या हव्यात. दोन मिळाल्या. धाकट्याचं म्हणणं, बाबांनी हे घरच्यांसाठी लिहिलं, बाहेर कशाला? त्याचंही चूक म्हणवत नाही.

हाईम सॅम्युएल केहिमकरांचं उदाहरण मी त्याला दिलं. आपल्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून ठेवला होता, तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं आणि पुस्तक झालं तेव्हा केहिमकर स्वतः हयात नव्हते. लिहिणारा होता, वाचणारे होते, मधला माणूस मिळाला नाही. माझी नात तो मधला माणूस व्हायला शिकली आहे, आणि असं कोणी आपल्या घरात असताना वह्या कपाटात ठेवायच्या हे मला बघवत नाही. धाकटा म्हणाला, विचार करतो.

तोवर तिचं काम चालू आहे. पहिली, दुसरी आणि चौथी वही संगणकावर उतरवून झाली आहे. मुद्रितं आम्ही फोनवर तपासतो, ती मूळ वही मोठ्याने वाचते आणि मी इकडे छापील कागदावर बोट ठेवते. औषध देताना दोघींनी लेबल वाचायचा नियम होता, तसंच.

तिसरी वही मिळत नाही. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, वर दिरांच्या हातचा '३' आहे. ती त्यांनी कोणाला तरी वाचायला दिली होती एवढं जाऊबाईंना आठवतं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया ह्या अंकाच्या संपादकांकडे पोहोचवावी, नुसती झेरॉक्स दिलीत तरी चालेल.