दवाखान्यातून निघालेला करार

१३ नोव्हेंबर २०२५ च्या गुरुवारी मेलबर्नच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये व्हिक्टोरिया राज्य आणि तिथले मूलनिवासी यांच्यातल्या करारावर सह्या झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या सरकारने मूलनिवासींशी केलेला असा हा पहिलाच करार. १८३५ मध्ये वसाहतदार जॉन बॅटमनने ब्लँकेटं, सुऱ्या, कुऱ्हाडी आणि पीठ देऊन याच भागातल्या जमिनीचा कागद करून घेतला होता. पण जमीन ब्रिटिश राजसत्तेची, ती देणारे मूलनिवासी कोण, असं म्हणत गव्हर्नर बर्कने तो त्याच वर्षी रद्द ठरवला.

सह्यांचे फोटो सगळीकडे झळकले. त्यामागची आरोग्य क्षेत्राची वाट मात्र आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. गुंडिचमारा समाजाच्या जिल गॅलाघर यांनी ‘व्हाचो’ या संस्थेचं नेतृत्व वर्षानुवर्षं केलं. मूलनिवासी समाज स्वतः चालवतो त्या आरोग्य केंद्रांची राज्यातली ही शिखर संस्था, १९९६ मध्ये स्थापन झालेली. दवाखाने चालवणाऱ्या या बाई २०१८ मध्ये करार-प्रक्रियेच्या आयुक्त म्हणून काम पाहू लागल्या. सरकारशी वाटाघाटी करण्यासाठी मूलनिवासींची निवडून आलेली सभा उभी करायची, हे त्यांचं काम. २०१९ मध्ये त्या सभेची पहिली निवडणूक झाली आणि गॅलाघर पुन्हा व्हाचोत परतल्या.

आरोग्य संस्थेला कराराशी काय देणंघेणं, असा प्रश्न तिथेही विचारला जातो. त्याचं उत्तर मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात मिळतं. सरकारी रुग्णालयांत होणारी हेटाळणी नको म्हणून अल्मा थॉर्प आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७३ मध्ये गर्ट्रूड स्ट्रीटवर स्वतःचं आरोग्य केंद्र काढलं. औषधं शहरात होतीच. आपल्याला माणूस म्हणून वागवणारी जागा नव्हती.

रुग्णालयाची धास्ती अजूनही गेलेली नाही. मूलनिवासी मुलं आईबापांपासून तोडून नेण्याचा जो इतिहास १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने देशासमोर मांडला, तो घराघरांत जिवंत आहे. व्हिक्टोरियात आजही कुटुंबापासून काढून घेतल्या जाणाऱ्या मुलांत मूलनिवासींचं प्रमाण इतरांच्या कितीतरी पट आहे. अशा घरातली गरोदर बाई तपासणीला जायला कचरते, आणि तिची कागदावर नोंद होते ती ‘तारीख चुकवणारी’ म्हणून. व्हाचो, ला ट्रोब विद्यापीठ आणि मेलबर्नमधली प्रसूती रुग्णालयं यांनी २०१७ पासून यावर एक साधा उपाय करून पाहिला. पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरच्या आठवड्यांपर्यंत शक्यतो एकच ओळखीची सुईण, जिला फोनही करता येतो. इतकी साधी सोय मिळवायला संस्थांना एकत्र येऊन संशोधन-प्रकल्प उभारावा लागतो आणि प्रकल्पाची मुदत संपली की पुढच्या पैशाची काळजी सुरू होते. माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे.

करार या दुखण्याला हात घालतो. ‘गेलुंग वार्ल’ ही कायमस्वरूपी निर्वाचित संस्था आता कायद्याने उभी राहते आहे. मूलनिवासींशी संबंधित कायदे आणि धोरणं ठरवताना सरकारला तिचा सल्ला घ्यावा लागेल. नकाराधिकार तिला नाही, हे विरोधकांनी शांतपणे वाचावं.

राष्ट्रीय पातळीवर मूलनिवासी पुरुष आणि स्त्रियांचं अपेक्षित आयुर्मान इतरांपेक्षा आठ वर्षांहून कमी आहे. ही दरी बुजवण्याचे आराखडे २००८ पासून निघताहेत. रुग्णालयांच्या दर्शनी भागात सलोख्याच्या कृती आराखड्याची चौकट टांगलेली असते, मूलनिवासी चित्रकलेचे नमुने असतात. ते असूच देत. पण कराराला पाठिंबा देणाऱ्या प्रत्येक आरोग्य संस्थेला मी विचारीन: तुमच्या संचालक मंडळावर मूलनिवासी किती? त्यांच्यासाठी आलेला निधी कुठे खर्च करायचा, हे कोण ठरवतं? मेलबर्नच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मराठी डॉक्टर-नर्सनीही हे प्रश्न आपापल्या विभागात जरूर विचारावेत.

वेळ थोडा आहे. २०२३ च्या सार्वमतात देशातल्या साठ टक्के मतदारांनी मूलनिवासींच्या सल्लागार मंडळाला नकार दिला. व्हिक्टोरियातही नकाराचीच सरशी झाली. नोव्हेंबर २०२६ मध्ये राज्यात निवडणूक आहे आणि सत्तेवर आलो तर कराराचा कायदा रद्द करू, असं विरोधी आघाडीने आत्ताच सांगून टाकलं आहे. त्याआधी एखाद-दोन रुग्णालयांनी जरी निधीच्या चाव्या खरोखर मूलनिवासींच्या आरोग्य केंद्रांकडे दिल्या, तर पुढच्या सरकारला त्या परत मागणं जड जाईल.