पातं न् पातं दिसतं, चेहरा मात्र नाही

वाळलेल्या गवताचा चढ, वर क्षितिजाला टेकलेलं करडं लाकडी घर, आणि खाली गवतात हात टेकून अर्धवट उठलेली गुलाबी कपड्यांतली बाई. पाठ आपल्याकडे, नजर घराकडे. ती पडलीय का? कुणाची वाट पाहतेय? घर तिला हवंय, की घराची भीती वाटतेय?

अँड्र्यू वायथ या अमेरिकन चित्रकाराचं हे १९४८ सालचं चित्र, ‘ख्रिस्तिनाज वर्ल्ड’. अंड्याच्या पिवळ्या बलकात कोरडा रंग आणि पाणी मिसळून तो रंगवायचा. हा रंग भराभर सुकतो, म्हणून बारीक ब्रशने रेघेवर रेघ चढवावी लागते, विणकराने धाग्याला धागा लावावा तशी. त्यातूनच गवताचं पातं न् पातं वेगळं उठून येतं. जो माणूस गवताची एक काडी सोडत नाही, तोच गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं तेवढं लपवतो!

ही ख्रिस्तिना ओल्सन, मेन राज्यातल्या कुशिंग गावची, वायथची शेजारीण. तिला चालता येत नसे. चित्रातल्या तिच्या याच घराच्या खिडकीतून वायथने तिला शेतात सरपटत जाताना पाहिलं आणि चित्र सुचलं. पण गंमत बघा, त्याने पाहिलं वरून, आणि रंगवलं खालून, तिच्या पाठीमागून! त्या एका बदलाने घर लांब गेलं आणि मधलं गवत अफाट झालं. घर आणि शेजारचं कोठार यांच्यातलं अंतरही त्याने मनाप्रमाणे वाढवलं.

याहून मोठा धक्का पुढेच आहे. ख्रिस्तिना तेव्हा ५५ वर्षांची होती; चित्रातल्या धडासाठी बसली वायथची बायको बेट्सी, वय २६. हात मात्र ख्रिस्तिनाचे, काटकुळे, वाकलेले. एकाच शरीरात दोन बायका! चित्रातल्या बाईचं वय आपल्याला नेमकं सांगता येत नाही, ते यामुळेच.

बरं, एवढं कळल्यावर कोडं सुटतं का? मुळीच नाही. ख्रिस्तिना व्हीलचेअर नाकारायची, सरपटत जाणं तिने स्वतः पत्करलं होतं. मग हे दुःखाचं चित्र की जिद्दीचं? मला ते जिद्दीचं वाटतं, कारण तिचं सगळं अंग पुढे, घराच्या दिशेने ताणलेलं आहे. तुम्ही मात्र आधी तिची बोटं बघा, मग ठरवा.