आजीचा बिडाचा तवा: पाव गरम करायला मायक्रोवेव्हपेक्षा भारी का?

मित्रांनो, हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या रूमवर राहत असाल तर हे तुमच्यासोबतही झालं असेल. उरलेला पाव मायक्रोवेव्हमध्ये ३० सेकंद ठेवला. बाहेर काढला तेव्हा मऊ, आणि भाजी वाढून घेईपर्यंत चामड्यासारखा चिवट! माझं तर हे रोजचंच झालं होतं.

गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईने भंगारवाल्यासाठी काढलेल्या सामानात आजीचा बिडाचा तवा दिसला. गंजलेला, काठाला काजळी धरलेला, वजन २ किलो. तो मी बॅगेत घालून पुण्याला आणला. आज त्याच्यामागचं विज्ञान सोप्या भाषेत बघूया.

पाव शिळा होतो म्हणजे काय?

आपल्याला वाटतं पाव वाळला. पण पिशवीत घट्ट बंद केलेला पावही कडक होतोच की! कारण पाव थंड झाल्यावर त्यातल्या स्टार्चचे रेणू हळूहळू एकमेकांजवळ येऊन घट्ट बसतात. फ्रिजच्या गारव्यात हे आणखी लवकर होतं, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रीझर चालेल. चांगली गोष्ट ही की साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर ही रचना पुन्हा सैल होते आणि पाव मऊ होतो.

मग मायक्रोवेव्हमध्ये काय बिघडतं?

मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतो, म्हणजे आपल्या वाय-फायच्याच पट्ट्यातल्या, पण कितीतरी जास्त ताकदीच्या. त्या मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतात. पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि गार होताच पाव चिवट होतो. शिवाय पावाचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. खमंग वास आणि तांबूस रंग देणारी मेयार्ड प्रक्रिया मात्र साधारण १४० अंशांपासून जोर धरते. तवा ते तापमान सहज गाठतो.

बिडाचा तवा म्हणजे उष्णतेची पॉवर बँक

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियमपेक्षा बरंच मंद असतं, पण जाड आणि जड असल्यामुळे साठवून भरपूर ठेवतं. हिशोब करूया. माझा २ किलोचा तवा ३० अंशांवरून १८० अंशांवर नेला की त्यात अंदाजे १३८ किलोज्यूल उष्णता साठते. तुमच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी फुल चार्ज असताना त्यात सुमारे ६९ किलोज्यूल ऊर्जा असते. म्हणजे तवा बरोबर दोन बॅटऱ्यांएवढा!

एक पाव गरम करायला लागतात जेमतेम ५-६ किलोज्यूल. त्यामुळे थंड पाव ठेवला तरी तवा गार पडत नाही. एकाच पावासाठी एवढा तवा तापवणं मात्र परवडत नाही. मी इंडक्शन बंद करून उरलेल्या उष्णतेवर चार पाव आरामात गरम करतो.

कसं गरम करायचं?

- तवा: मंद आचेवर ६-७ मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाका. चर्र होऊन उडाला तर तवा तयार. थेंब मण्यासारखा पळायला लागला तर तवा जास्त तापलाय.
- पाव: बाजूला दोन-चार थेंब पाणी शिंपडून अर्धा मिनिट झाकण ठेवा. मग झाकण काढून कापलेली बाजू तव्यावर दाबा.
- भाकरी: ओला हात फिरवून दोन्ही बाजूंनी शेका.
- वडे, भजी: तेल न घालता मंद आचेवर, अधूनमधून उलटत.
- पिझ्झा: आधी झाकण न ठेवता बूड कुरकुरीत होऊ द्या, मग चीज वितळायला झाकण.

गंजलेला तवा परत कसा आणला?

मीठ आणि काथ्याने गंज घासून काढला, धुऊन लगेच आचेवर सुकवला. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर थांबेपर्यंत तापवला. असं तीन वेळा, खिडकी उघडी ठेवून. तापल्यावर तेलाचा कडक, गुळगुळीत थर बनतो. तोच तव्याचा नॉनस्टिक कोट. आता धुतल्यावर लगेच पुसतो आणि तेलाचं बोट फिरवतो.

हे लक्षात ठेवा

- इंडक्शनवर सपाट बुडाचाच तवा चालतो. चुंबक चिकटला पाहिजे.
- तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, तडा जातो. तडा गेलेला तवा वापरू नका.
- टोमॅटो, चिंच, कोकम घातलेले पदार्थ त्यात ठेवू नका, थर निघतो.
- नॉनस्टिक तवा असा रिकामा तापवू नका. २६० अंशांच्या वर त्याचा लेप खराब व्हायला लागतो.
- जुनं कल्हईचं पितळी पातेलंही रिकामं तापवू नका. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं. कल्हई उडालेली असेल तर त्यात आंबट काही नको.

तर मित्रांनो, घरात असा तवा माळ्यावर पडला असेल तर भंगारात देण्याआधी एकदा घासून बघा. आमच्याकडे आता आई फोनवर जेवलास का विचारते, आणि लगेच पुढचा प्रश्न: "तवा परत कधी आणतोयस?"