रसायनशास्त्राचे भावी शिक्षक मध्येच का गळतात?

शाळेत विज्ञान शिक्षक व्हायचे म्हणून आपली अनेक मुले-मुली बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतात. पुढे बी.एड. करायचे, एवढा सरळ हिशेब. पण कितीतरी जण बी.एड.च्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. मग वस्तीत बोलले जाते, पोरगं अभ्यासात कच्चं निघालं. हे उत्तर सोपे आहे, आणि बहुतेक वेळा चुकीचे.

रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते, असे ग्लासगो विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स जॉनस्टोन यांनी १९८२ मध्ये मांडले. ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण केले, की ते एक मोलर. डोळ्यांना दिसते रंगहीन द्रावण, त्यात असतात न दिसणारे आयन, आणि फळ्यावर नुसती सूत्रे. प्राध्यापक या तिन्हींत सहज ये-जा करतात. मुले सूत्रे उतरवून घेतात.

त्यात भाषा. मराठी माध्यमात उदासिनीकरण, संयुजा, क्षपण नीट समजलेले असते. कॉलेजात त्याचेच न्यूट्रलायझेशन, व्हॅलेन्सी, रिडक्शन होते आणि ओळखीची गोष्ट परकी वाटू लागते. विचारायची लाज वाटते. प्रॅक्टिकलला ब्युरेट एकाच्या हातात, बाकीचे रीडिंग उतरवणार.

एटीकेटीमुळे विषय राहूनही पुढच्या वर्गात बसता येते. सवलत चांगलीच आहे. पण पुढचे भौतिक रसायनशास्त्र त्याच मोलच्या गणितावर उभे असते, म्हणून बॅकलॉग साचत जातो. घरची ओढाताण असेल तर मूल कामाला लागते. कॉलेज सोडले असे कोणी म्हणत नाही; नाव पटावर असते, मूल दुकानात.

जे टिकतात त्यांच्यापुढे टक्केवारी. राज्यात बी.एड. प्रवेशाला खुल्या प्रवर्गासाठी ५० आणि मागासवर्गीयांसाठी ४५ टक्के लागतात. कसेबसे पास होऊन ४२ वर थांबलेल्याच्या हाती पदवी असते, प्रवेश नसतो. एनसीटीईच्या नियमानुसार पदव्युत्तर पदवीचे गुणही चालतात, म्हणजे एम.एस्सी.चा रस्ता उरतो. हे मुलांना वेळेवर सांगितले जात नाही. २०१५ पासून बी.एड.ही दोन वर्षांचे झाले आहे, तो खर्च वेगळाच.

कार्यकर्ते निकालानंतर घरी जाऊन समजूत घालतात. तोवर उशीर झालेला असतो. आपल्या विहारांतील अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या असतात, तिथेच एम.एस्सी. झालेल्या ताई-दादांनी पहिल्या सत्र परीक्षेआधी, साधारण सप्टेंबरपासून, आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रथम वर्षाच्या मुलांना घेऊन बसावे. सुरुवात मोलच्या गणितापासून, मराठीतून, शेजारी इंग्रजी शब्द लिहून.